पिवळ्या बासनातली कथा

एका राज्यात माणसं हवं ते नेसत, पण कथांना मात्र ठरलेल्या रंगाचंच कापड लागे. शूरवीरांच्या कथेला तांबडं बासन, रडवणारीला निळं, भुताखेतांच्या कथेला काळं आणि हसवणारीला पिवळं. जत्रेत त्याच रंगांचे मंडप पडत आणि लोक आपापला मंडप गाठून ऐकायला बसत.

बासन ठरवायचं काम एका चटपटीत बाईकडे होतं. पहिलं पान वाचलं की आपला हात बरोबर रंगावर पडतो, असा तिला भारी तोरा.

यंदा एका कुंभारणीने आयुष्यात पहिल्यांदाच कथा लिहून आणली. "बाई, शेवटपर्यंत वाचाल ना?" तिने भीत भीत विचारलं.

पहिल्या पानावर एक म्हातारा आपल्या गाढवाशी कडाकडा भांडत होता. बाई खो खो हसली. "अगं, पुढे वाचायचं काय? पिवळंच!" आणि तिने गाठ मारूनही टाकली.

पिवळा मंडप खचाखच भरला. कुंभारीण वाचत होती, लोक हसून लोळत होते आणि बाई तर जणू कथा आपणच लिहिली अशा थाटात मिरवत होती.

पुढे गाढव पुरात वाहून गेलं. काठावरून म्हातारा ओरडला, "ये म्हणतो ना! किती हट्ट करशील?" आणि मंडप पुन्हा हसला. पिवळ्यात हसायचंच असतं, हे सगळ्यांना पाठ होतं.

कुंभारणीचे डोळे भरून आले. ती पोथी मिटू लागली.

बाईने ते पाहिलं. ती ताडकन उठली. "थांबा! मी एकच पान वाचून रंग ठरवला. चूक माझी आहे. पोरी, तेवढं पुन्हा वाच."

"ये म्हणतो ना!" या वेळी कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने पुरात उडी घेतली, तेव्हा पुढे बसलेला पैलवान फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसू लागला. म्हातारा गाढवाला घेऊन वर आला आणि येताक्षणी पुन्हा भांडू लागला. मग मात्र सगळे रडता रडता हसले!

कथा संपली आणि एकच गलका झाला.

"निळी!"

"छे, पिवळीच!"

"पुरात उडी घेतली की, मग तांबडी!"

"बाई, खरंच कोणता हो रंग?" कुंभारणीने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी आज पहिल्यांदाच एक कथा शेवटपर्यंत ऐकली!" बाई आनंदाने ओरडली आणि पदर खोचून पोथीघराकडे पळत सुटली. तिथे तिनेच बांधून टाकलेल्या तीनशे कथा वाचायच्या राहिल्या होत्या.

तात्पर्य: कथा कुठल्या जातकुळीची ते खुशाल ठरवावं, पण आधी तिला पूर्ण बोलू द्यावं.