केवळेची आडवी पेरणी

ऐका धरणीमाते, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला उताराचं रान होतं. तिथं केवळा नावाची शेतकरीण राही. दोन बिघे जमीन, घरात नवरा रंभाजी, शेजारी थोरली जाऊ ठकू.

मग काय झालं? पाऊस रीत विसरला. एका वर्षी पेरणी झाल्यावर महिनाभर फिरकला नाही, रोपं करपली. दुसऱ्या वर्षी एका दुपारी कोसळला, बियाणं मातीसकट ओढ्यात नेलं. तिसऱ्या वर्षी टोपलीभर बी उरलं. केवळा बांधावर बसून रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. "बाई बाई, का रडतेस?" केवळेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "पाऊस बदलला, मग पेरणी जुनीच का? तुला वसा देते, पण अर्ध्यात सोडशील."

"नाही सोडायची, आई."

"तर ऐक. नांगराचे तास उताराला आडवे काढावे. एकटं धान्य पेरू नये. बाजरीत तूर, तुरीत मटकी पेरावी. भुई उघडी ठेवू नये, पाल्यानं झाकावी. पिकलं की पहिलं बी शेजारणीच्या ओटीत घालावं, एक दिवस तिच्या शेतात राबावं." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

केवळेनं वसा घेतला. रंभाजी म्हणाला, "असं कुणी पेरलंय?" ठकू म्हणाली, "केवळे, शेत करतेस की गोधडी शिवतेस?" केवळा बियाची टोपली घेऊन उताराला आडवी चालू लागली. मग रंभाजीनंच बैल आडवे वळवले.

महिनाभर ऊन पडलं. बाजरी अर्धी वाळली, पाल्याखाली मटकी तगली. मग ढग फुटला. ठकूचं शेत धुऊन गेलं. केवळेच्या आडव्या तासांत पाणी अडलं, मुरलं, तूर छातीला लागली. चार पायल्या मटकी घरी आली.

केवळा बी घेऊन उठली. रंभाजी म्हणाला, "आधी घरात पुरू दे. आणि ती तर तुला हसली!"

"वशात हसणारीला वगळा असं नव्हतं सांगितलं," केवळा म्हणाली, आणि ठकूच्या दारी गेली. "अक्का, ओटी पसरा."

ठकूनं दार धरलं. "मी कशी घेऊ गं? कोणत्या तोंडानं?"

"तोंडाचं काय काम? पदर पुढं करा. उद्या कुदळ घेऊन येते, दोघी मिळून बांध घालू."

ठकूचे डोळे भरले. तिनं पदर पसरला. दुसऱ्या दिवशी दोघींनी बांध घातला. ठकूचं पिकलं, तिनं तिसरीला दिलं, तिसरीनं चौथीला. पुढं मोठा दुष्काळ पडला. आसपासची गावं उठून गेली, या गावच्या चुली पेटत्या राहिल्या. मग गावं परतली, तेव्हा वेशीवर ठकूच उभी होती. येईल तिला बी देई, आडवा तास कसा धरावा ते हातात हात घेऊन दाखवी.

धरणीमाता केवळेला पावली, ठकूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. सांगणारीची साठा बोलांची कहाणी, ऐकणारीच्या पदरी पाचा बोलांत सुफळ होवो.