गोजाईची सहाण

निंबवडीच्या भैरोबाच्या देवळात शिरताना उजव्या हाताला एक काळी सहाण दिसते. तिच्यावर चंदन उगाळत नाहीत, फक्त हळदकुंकू वाहतात. पाहुण्यांनी विचारले, की म्हातारे गुरव पायरीवर बसून गोजाईची हकीकत सांगतात.

गोजाई ही हैबतराव देशमुखांच्या घरची सुईण. त्यांचे तिन्ही मुलगे तिच्याच हातांवर जन्मले. त्यांतले थोरले दोघे एका वर्षात गेले म्हणे. दोघांनाही साधा ताप आला, उतरू लागला, आणि अचानक उलट्या होऊन नाडी बसली. भैरोबाचा कोप झाला, असे सारे गाव म्हणू लागले. गोजाईला ते पटेना. दोन्ही दिवशी वाड्याच्या मोरीचे पाणी प्यायलेली एकेक शेळीही मेली होती. देव शेळ्यांवर कशाला कोपेल?

मग धाकट्या रायाजीला ताप भरला. गोजाई मोरीच्या कडेकडेने मागे गेली. पाणी येत होते ते औषधाची सहाण धुतात तिथून. परसात कण्हेरीच्या बुंध्याशी माती नुकतीच उकरलेली होती आणि एक मूळ ताजे कापलेले होते. कण्हेरीचे मूळ म्हणजे जहर, हे सुईणीला सांगावे लागत नाही. औषध उगाळून देणारे एकच, देशमुखांचे चुलतभाऊ सखोजी. वारस संपले, की वतन त्यांचेच होणार होते.

सकाळी सखोजी वाटी घेऊन आले तेव्हा गोजाई दारात आडवी उभी राहिली.

"आधी तुम्ही चाटा, बाबा."

"हो बाजूला! सुईणीची ही हिंमत?"

"धनी, मी खोटी ठरले तर हे हात तोडा. याच हातांनी तुमची लेकरं झेललीत."

हैबतरावांनी मुलाकडे पाहिले. "चाट, सखोजी."

"आज माझा उपास आहे."

"औषधानं उपास मोडत नाही, भावोजी," आतून देशमुखीणबाई म्हणाल्या.

सखोजींच्या हातून वाटी निसटली, आणि त्यांनी भावाचे पाय धरले. त्यांचा उरलेला जन्म गडावरच्या कैदेत गेला, असे सांगतात.

पंधरवड्याने रायाजी स्वतःच्या पायांनी दर्शनाला निघाला. ढोल-ताशे वाजले, गुलाल उधळला. पालखीत बसवले होते गोजाईला, आणि रायाजी तिच्यापुढे अनवाणी चालत होता. देशमुख जमीन इनाम देऊ लागले.

"जमीन नको, धनी. औषध देणाऱ्यानं आधी स्वतः चाटायचं, एवढी दवंडी पिटा."

वाड्यातली ती औषधाची सहाण तेव्हाच देवळात आणून ठेवली, आणि आजही निंबवडीत हाच रिवाज आहे. दवाखान्यात बदली होऊन आलेले डॉक्टर आधी हसतात. मग समोरच्या आईची नजर पाहून मुकाट्याने खोकल्याच्या औषधाचा थेंब जिभेवर ठेवतात.