कौतिकामायला हाक

फार वर्षांपूर्वी, पूर्णा नदीला भर उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी असायचं त्या काळात, धामणखेडात कौतिका नावाची एक बाई राहत होती. ती काही पहिल्यापासून कौतिकामाय नव्हती. गावाने तिला माय म्हणायला फार उशीर लावला. त्याआधी गाव तिला जे म्हणत होतं, ते ऐकायला कुणालाच बरं वाटणार नाही, पण गोष्ट सांगायची तर तेही सांगावं लागतं.

कौतिकाचा नवरा तरुणपणीच गेला. पदरी मूल नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली. माहेरी तिचा धाकटा भाऊ उकंडा. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून ह्याला दृष्ट लागू नये यासाठी आईने त्याचं नाव उकिरड्यावरून ठेवलं होतं. पुढे आईही गेली आणि उकंड्याला बहिणीनेच भाकरी भरवून मोठं केलं. तो तिला ‘बाई’ म्हणायचा. शेतात, घरात, अडलं की पहिली हाक बाईला.

त्यांचं शेत कपाशीचं. तेव्हाची कपाशी पुरुषभर वाढायची, आत वाकलेलं माणूस धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दिसायचं नाही. तिच्यावर अळी पडायची. पाठ उंचावत चालते म्हणून लोक तिला उंटअळी म्हणत. कधीकधी एखादी अळी पानाला चिकटून निपचित पडलेली असायची आणि तिच्या अंगावर तांदळासारखे पांढरे दाणे असायचे. ही अळीची अंडी, असं सारं गाव सांगायचं. अशी अळी दिसली की लोक ती पानासकट तोडून जाळून टाकत. वर, बरं झालं, शंभर अळ्या टळल्या, असं म्हणून हात झटकत.

कौतिकाने तशी एक अळी घरी आणली आणि कंदिलाच्या काचेत ठेवून वर-खाली फडकं बांधलं. काही दिवसांनी दाणे फुटले. आतून अळ्या नाही निघाल्या. निघाल्या बारीक काळ्या माशा, मोहरीएवढ्या. अळी मात्र वाळून टरफल झाली होती. तेव्हा कौतिकाला उमगलं, की ही माशी अळीच्या पोटात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन हे पांढरे कोश विणतात. गाव इतकी वर्षं आपल्याच राखणदारांना जाळत होतं. असं म्हणतात, की तिने फडकं सोडलं तेव्हा त्या माशा उडून गेल्या नाहीत. तिच्या रिकाम्या मनगटावर ओळीने बसल्या, बांगडी भरावी तशा.

त्या दिवसापासून कौतिका टोपली घेऊन फिरू लागली. पांढऱ्या दाण्यांच्या अळ्या वेचायची आणि जिथे कीड जास्त, त्या शेतात नेऊन ठेवायची. लोकांना समजावायला जायची, तर लोक हसायचे. मग एका वर्षी अळी भयंकर आली आणि हसणं थांबलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. कुणीतरी म्हणालं, ही अळ्या पेरते. दुसरं म्हणालं, मूलबाळ नाही, म्हणून दुसऱ्याचं उभं पीक खाते. आठवडा गेला नाही तोच सारं गाव तिला चेटकीण म्हणू लागलं. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. उकंडा हे ऐकायचा आणि मान खाली घालून पुढे जायचा. चारचौघांत त्याने तिला बाई म्हणून हाक मारणं सोडलं, ते तेव्हापासून.

त्याच वर्षी गावाने मिळून पितळी पंप आणले आणि त्यांच्याबरोबर औषधाचे डबे. वास असा, की कुत्री गाव सोडून नदीकडे पळाली, असं म्हणतात.

कौतिका औषधाच्या आड आली नाही. अळी हाताबाहेर गेली तर औषध मारावंच लागतं, हे तिलाही कळत होतं. तिने भावाला एवढंच म्हटलं, “मार तू औषध. पण जिथं अळी जास्त, तिथंच मार. सकाळी माशी उडत असते, तव्हा नोको मारू, दिवस कलल्यावर मार. त्याच्या आंधी मले आत जाऊन पांढऱ्या दाण्याच्या अळ्या वेचू दे.”

“बरं,” उकंडा म्हणाला.

“मी आतच असीन. हाक मारशीन नं?”

“मारीन, बाई.”

घरात, चुलीपुढे, हे शब्द सहज निघाले. तिथे ऐकायला कोण होतं?

ठरल्या दिवशी कौतिका सकाळीच कपाशीत शिरली. संध्याकाळपर्यंत सारं वेचून होईल असा तिचा हिशेब होता. पण शेजारच्या शेतातली फवारणी लवकर आटोपली आणि चार बाप्ये पंप घेऊन उकंड्याच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले. आता मारायचं तर मार, नाहीतर पंप दुसरीकडे जातील, म्हणाले.

उकंड्याने कपाशीकडे पाहिलं. बोरीच्या फांदीला बाईच्या भाकरीचं फडकं लटकत होतं. म्हणजे ती आत होती.

“काहून थांबला?” एक जण म्हणाला. “घरच्या चेटकिनीले इचारा लागते काय?” बाकीचे हसले.

उकंड्याच्या तोंडाशी हाक आली होती. त्या हसण्याने ती अडली. आता बाई म्हणून ओरडलो, तर ही आपलीच, असं कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. मनात म्हणाला, ती तिकडे नाल्याच्या अंगाला असेल, तिथपर्यंत आज जाणंच नाही. तो ‘बाई’ म्हणाला, पण इतक्या हळू, की शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू गेलं नाही. मग त्याने पंप पाठीला लावला. वारा त्याच्या पाठीमागून आत वाहत होता.

कौतिकाने पंपाचा आवाज ऐकला होता, असं म्हणतात. पण भाऊ हाक मारल्याशिवाय सुरू करणार नाही, तेव्हा आवाज शेजारचाच असणार, असं समजून ती वेचत राहिली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

उकंड्याला ती शेताच्या मध्यावर सापडली. टोपली पोटाशी धरून, आपल्या अंगाचा आडोसा करून ती आडवी झाली होती. तोंडाला फेस आला होता. त्याने तिला उचलून नदीवर नेलं, पाणी घातलं, मग मात्र गळा फाडून हाका मारल्या. तिने डोळे उघडले नाहीत.

तिची तिरडी निघाली तेव्हा चारही बाजूंच्या शेतांतून बारीक माशा उठल्या आणि पांढऱ्या लुगड्यावर बसल्या. लुगडं काळं दिसू लागलं. खांदेकऱ्यांनी झटकलं नाही. कुणाची हिंमत झाली नाही. चिता पेटल्यावरही त्या उडाल्या नाहीत, असं म्हणतात. ज्यांनी तिला चेटकीण म्हटलं, तेच पुढे त्या माशांना कौतिकामायच्या लेकी म्हणू लागले.

पुढच्या वर्षी अळी पुन्हा आली. औषध मारलं की दबायची आणि पुन्हा दुपटीने यायची, कारण तिला खाणारं कुणी उरलं नव्हतं. गावभर कपाशीच्या नुसत्या पऱ्हाट्या, पानं खाल्लेल्या काड्या, उभ्या राहिल्या. एकट्या उकंड्याचं अर्धं शेत हिरवं होतं. आदल्या वर्षी बाई सापडली तिथेच त्याने पंप टाकून दिला होता आणि त्यापुढच्या तासांवर, म्हणजे कपाशीच्या ओळींवर, औषधाचा थेंब पडला नव्हता. लोक ते येऊन पाहून गेले.

उकंड्याने त्या कपाशीचं एक बोंडही घरी नेलं नाही. टोपली घेऊन तो त्या तासांतल्या पांढऱ्या दाण्यांच्या अळ्या गावच्या शेताशेतांत नेऊ लागला. आणि कुणाच्याही शेतात पंप निघाला, की तो आधी धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा आणि हाक मारायचा, “बाई, बाहेर ये वं.” लोक म्हणतात, कपाशीतून बारीक ‘ओ’ यायची. पाटलाने ऐकली, गुराख्याने ऐकली, त्या हसणाऱ्या चौघांनीही ऐकली. उकंड्याला ती मरेपर्यंत ऐकू आली नाही. तो वाट पाहायचा, मग मान हलवून पुढच्या शेताकडे जायचा.

आजही धामणखेडात सकाळी फवारणी करत नाहीत. दिवस कलल्यावर, वारा पाहून, तोंडाला फडकं बांधून करतात, तीही कीड असेल तिथेच. प्रत्येक शेतात काही तास कोरे सोडतात, त्यांना माहेरचे तास म्हणतात. पांढऱ्या दाण्यांच्या अळ्या आधी वेचून त्या तासांत ठेवतात. आणि पंप उचलण्याआधी शेताचा धनी धुऱ्यावर उभा राहून कौतिकामायला हाक मारतो. आतली बायामाणसं, पोरंसोरं बाहेर येईपर्यंत सगळे थांबतात. सगळे बाहेर आल्यावरही थोडं थांबतात.

हाक नाव घेऊन मारायची असते, चारचौघांत, गळा मोकळा सोडून. हळू मारलेली हाक धामणखेडात धरत नाहीत.