ज्वालाक्षाची घोंगडी

एका राज्यात, जिथे डोंगर राजवाड्याहून जुने होते आणि पक्षी माणसांशी माणसांच्याच भाषेत बोलत, भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा दयाळू, पण जरा भित्रा. त्याची कन्या शर्वाणी मात्र निराळी. ती हसली की राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला कळे, आणि चालू लागली की दासींना पळावे लागे.

राज्याच्या उत्तरेला मोठे रान होते. एका माघात, पाने सुकून कुरकुरीत झालेली असताना, रानाला वणवा लागला. साधा वणवा नव्हे. वर विझवला की तो मुळांखालून चाले आणि भलतीकडेच डोके काढी. रानातली गावे जळाली, गोठे जळाले, कणग्यांतले बियाणे जळाले. माणसे लेकरे काखेत घेऊन, गुरे पुढे घालून राजनगरीकडे निघाली. आणि वणवाही त्यांच्या मागोमाग, रोज थोडा थोडा, नगरीकडे सरकू लागला.

शर्वाणी वेशीवर उभी राहून येणाऱ्यांना पाणी देत होती. वैद्य भाजलेल्या हातापायांवर कोरफड लावीत होते. दवंडीवाला चुकलेल्या माणसांची नावे पुकारीत फिरत होता, आणि एखादे नाव ऐकून गर्दीतून "अहो, मी इथे आहे!" अशी हाक आली की सगळी वेस आनंदाने ओरडे. पण नगरीच्या कोठारातले धान्य तळाला आले. तेव्हा शर्वाणी पित्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तात, टेकडीखाली आपल्या पूर्वजांचे भांडार आहे. त्यात न किडणारे धान्य आहे, बियाणे आहे आणि आग शमवणारा शीतमणी आहे. ते उघडावे."

राजाने मिशीवर हात नेला. "कन्ये, ते शापित आहे. तरुणपणी मी त्याच्या दाराला हात लावला, तर अर्धी मिशी जळाली. अजून नीट उगवलेली नाही."

"मग मी जाते, तात. मला मिशीच नाही."

राजाला हसू आले, आणि हसता हसता त्याने अनुज्ञा दिली.

टेकडीखाली तांब्याचे दार होते. त्याला तीन अडसर, आणि वरच्या अडसरावर एक म्हातारा धनेश पक्षी बसलेला. चोच पिवळीधमक, डोळे लालभडक. शर्वाणीने हात जोडले.

"पक्षिराज, हे दार कसे उघडेल?"

"बळाने नाही," धनेश म्हणाला. "शाप तीन अडसरांचा आहे. मी तो दिलेला नाही, मी फक्त सांगतो. तीन कामे करशील तर दार उघडेल. अर्धवट सोडशील तर तुझी राख होईल."

"पहिले काम?"

"वणव्यात ज्याचे छप्पर गेले, असा एकही जीव आज उघड्यावर निजता कामा नये."

शर्वाणी धावतच परतली. तिने हत्तींना नदीकाठी नेऊन बांधले आणि गजशाळा झाडून घेतली. धर्मशाळा भरल्या, मंदिरांचे सभामंडप भरले, श्रीमंतांच्या माड्या भरल्या. राणीवशातल्या जाड पडद्यांची पांघरुणे झाली. संध्याकाळ झाली तरी गुराखी मात्र माळावरच बसून होते.

"तुम्ही का येत नाही?" शर्वाणीने विचारले.

त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "राजकन्ये, आम्ही आलो असतो. पण जीव म्हणजे काय फक्त माणसाचा? या म्हशी आमच्याबरोबर आगीतून आल्या आहेत."

शर्वाणीला पक्ष्याचे शब्द आठवले. एकही जीव. ती हसली आणि म्हणाली, "चला, म्हशींसह चला."

दरबाराचे गालिचे गुंडाळले गेले, संगमरवरावर गवत पसरले गेले, आणि म्हशी शांतपणे आत शिरल्या. एक म्हैस थेट सिंहासनाजवळ जाऊन बसली आणि रवंथ करू लागली. प्रधानांना घेरी यायची बाकी राहिली. राजाने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "प्रधानजी, इतक्या निवांतपणे तर या दरबारात आजवर कोणीच बसले नाही."

त्याच क्षणी टेकडीखाली पहिला अडसर खाली पडला.

दुसऱ्या दिवशी धनेश म्हणाला, "दुसरे काम. आगीतून पळालेल्या हाताने चूल पेटली पाहिजे."

हे काम ऐकायला सोपे, करायला अवघड. रानातली माणसे आगीला इतकी भ्याली होती की दिवा लावला तरी मुले किंचाळत. शेगडी आणली की बाया तोंड फिरवीत. चुरमुरे, केळी आणि गार पेज यांवर सगळे दिवस काढीत होते. शर्वाणी एकेकाजवळ बसली, विनवू लागली. कोणी तयार होईना. तिने बळजोरी केली नाही. तिच्याही मनात भीती होती, की हे काम आपल्याच्याने व्हायचे नाही.

तिसऱ्या प्रहरी गजशाळेत एक तरुण बाई बाळंत झाली. मूल दिवस भरण्याआधीच आले होते, मुठीएवढे, आणि अंगाने गार पडत चालले होते. त्याची आजी भिवरा गावाची सुईण होती. तिने बाळाच्या पायाला हात लावला आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"याला शेक हवा," ती म्हणाली. "आत्ता हवा."

कोणीतरी तीन दगड मांडले, लाकडे रचली, खाली कापूस घातला. भिवराने चकमक हातात घेतली आणि तिचे हात लटलटा कापू लागले. त्याच हातांनी तिने जळत्या घरातून सुनेला बाहेर ओढले होते.

"मी पेटवू का, भिवराबाई?" शर्वाणीने विचारले.

"नको. नातू माझा आहे." भिवराने डोळे मिटले. "तुम्ही फक्त माझं मनगट धरा. घट्ट धरा."

शर्वाणीने तिचे मनगट धरले. एकदा ठिणगी उडाली, विझली. दुसऱ्यांदा विझली. तिसऱ्यांदा कापसाने पेट घेतला. मुले किंचाळली नाहीत. ऊब लागली तसे बाळाचे तळवे गुलाबी झाले, आणि मग त्या मुठीएवढ्या जिवाने असा टाहो फोडला की नदीकाठचे हत्तीसुद्धा उत्तर देऊ लागले.

भिवरा रडत रडत हसली आणि म्हणाली, "आता चूल पेटलीच आहे, तर भाकऱ्याही टाकते." संध्याकाळपर्यंत गजशाळेत चुलींच्या रांगा लागल्या. टेकडीखाली दुसरा अडसर पडला.

"तिसरे काम," धनेश म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज जड झाला. "या दारावरून जो रित्या हाताने गेला, त्याला त्याचे दे."

"तो कोण?"

"तुझ्या आजोबांच्या काळीही रान जळाले होते. एक तरुण इथे आला. अंगावर पांघरूण नव्हते, पोटात अन्न नव्हते. त्याने एक घोंगडी मागितली, जेवण मागितले, पेरायला मूठभर दाणे मागितले. तुझ्या आजोबांनी दार लावून घेतले. तो वाट पाहत बसून राहिला. मग उठला आणि शाप देऊन रानात गेला. तिथे त्याने आगीशी मैत्री केली. आज त्याला मांत्रिक ज्वालाक्ष म्हणतात. मुळांखालची आग त्याचीच आहे."

शर्वाणी तशीच नगरीत परतली. मग तिने भिवराकडून ऊन ऊन पेज घेतली, एका धनगराकडून घोंगडी घेतली, पदरात नाचणीचे दाणे बांधले आणि ती जळत्या रानात शिरली. धनेश पुढे उडत होता. "इथे पाय ठेव. तिथे नको, खाली निखारे आहेत." राख गुडघ्यापर्यंत होती. झाडांचे बुंधे धुमसत होते. तिचा घसा कोरडा पडला, पण मडक्यातली पेज तिने सांडू दिली नाही.

एका तापलेल्या कातळावर ज्वालाक्ष बसला होता. त्याच्या जटांतून धूर निघत होता.

"राजाची पोर! युद्धाला आलीस?"

"नाही. जेवण घेऊन आले आहे."

"कोणाचे?"

"तुमचेच. आमच्या घराकडून यायला फार उशीर झाला."

शर्वाणीने जवळ जाऊन पाहिले, तर आगीत बसलेला तो म्हातारा थंडीने कुडकुडत होता. शाप देणाऱ्यालाही शाप लागला होता. इतकी आग भोवती, पण त्याला ऊब म्हणून मिळाली नव्हती. तिने घोंगडी त्याच्या खांद्यांवर घातली. घोंगडी जळाली नाही. मांत्रिकाचे कुडकुडणे हळूहळू थांबले.

त्याने मडके तोंडाला लावले. पुष्कळ वेळ प्यायला. मग मिशा पुसून म्हणाला, "मीठ कमी आहे."

शर्वाणीला हसू आवरेना. तिचे ते मोठे हसू जळत्या रानात घुमले, आणि ज्वालाक्षही हसू लागला. आधी खोकल्यासारखे, मग पोट धरून.

"आणि हे दाणे," ती म्हणाली. "पेराल कुठे, तुम्ही सांगा. जमीन आम्ही देऊ."

मांत्रिकाने ओंजळ पुढे केली. दाणे ओंजळीत पडले तोच दूरवर तिसरा अडसर पडल्याचा आवाज झाला आणि तांब्याचे दार उघडले.

टेकडीखाली येऊन शीतमणी ज्वालाक्षानेच उचलला. जळत्या मुळांमध्ये त्याने तो पुरला आणि म्हणाला, "सखे, आता नीज." आग निजली.

मग भांडारातून धान्य निघाले, बियाणे निघाले, नांगर, कुऱ्हाडी, वासे निघाले. राजा स्वतः दाराशी उभा राहून वाटप करीत होता. कोणी "महाराज, आम्हाला थोडेच पुरे," म्हटले की तो आणखी एक पायली घाली. ज्याचे घर आधी बांधून झाले तो दुसऱ्याच्या घरावर छप्पर घालायला गेला. धनेश पक्ष्यांचे थवे रानावरून फिरले आणि चोचीतली फळे राखेत टाकत गेले. ज्वालाक्षाला ओढ्याकाठी जमीन मिळाली. आगीच्या वाटा त्याला ठाऊक होत्या, म्हणून गवत कुठे कापायचे, आगीला अडवायला मोकळे पट्टे कुठे ठेवायचे, हे तो गावोगाव फिरून दाखवू लागला.

पावसाळा आला, गेला. हिवाळा सरला. फाल्गुनातल्या एका सकाळी भिवरा पाण्याला गेली आणि ओरडतच मागे आली, "रान पेटलं! डोंगर लाल झालाय!"

माणसे घागरी घेऊन धावली. शर्वाणी घोड्यावरून धावली. ज्वालाक्ष अनवाणी धावला. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचून सगळे थबकले. धूर नव्हता. आवाज नव्हता, फक्त मधमाश्यांचा होता. उतारावरचे पळस, खोड काळे आणि फांद्या निष्पर्ण, मुळापासून शेंड्यापर्यंत फुलले होते.

आधी ज्वालाक्ष मटकन खाली बसला. मग भिवराने डोक्यावरची घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली आणि म्हणाली, "आणलेलं पाणी वाया कशाला घालवा!" तो नखशिखांत भिजला. मग कोणाची घागर कोणावर पडली याचा मेळच राहिला नाही. राजकन्या भिजली, गुराखी भिजले, उशिरा पोहोचलेला राजाही मिशीसकट भिजला. त्या दिवसापासून पळस फुलला की त्या राज्यात एकमेकांवर पाणी उडवतात.

तिथली रीत तिथे चालू आहे. ऐकणाऱ्यांचेही रान असेच फुलत राहो.