राज्यावर संक्रांत येईना

एका राज्यात तिखटसेन नावाचा राजा होता. जीभ नावाहून तिखट. नुसतं "या" म्हणाला, तरी माणूस घरी जाऊन रडायचा.

एका संक्रांतीला दरबारात जटाळबुवा मांत्रिक आला. मंत्र सगळे पाठ, दात एकही नाही. राजाने त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. म्हणाला, "घे. चावला नाही, तर उशाला घे."

दरबार हसला. मांत्रिक हसला नाही. "राजा, तू माझ्याशी गोड वागेपर्यंत तुझ्या राज्यावर संक्रांत येणार नाही!"

राजाला वाटलं, आशीर्वादच मिळाला. त्याने वर शाल दिली.

वर्ष फिरलं. भोगी आली. दवंडी पिटली, "उद्या संक्रांत, उद्या सुट्टी हो!" घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी झाली. लोक जेवले, निजले, उठले, तर पुन्हा भोगीच. परवाही भोगी, तेरवाही भोगी. सूर्य मकरेच्या उंबऱ्यावर एक पाय उचलून उभा होता. कारकून रोज सुट्टीच्या आशेने दौतीला बूच लावायचे आणि सकाळी उघडायचे. त्याच वांग्या-घेवड्याच्या भाजीपुढे पोरं रडायची.

पण खरी अडकली राजकन्या हंसावली. लग्न नवं, नवरा वीरकेतू गलबत घेऊन दर्यापार गेलेला. "संक्रांतीला येतो," म्हणाला होता. सासूने काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने पाठवले होते. गच्चीवरून गलबताचं शीड दिसायचं, नखाएवढं. रोज तेवढंच. हलव्याच्या हाराला मुंग्या लागल्या, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "चला, तुमचा तरी सण झाला."

तेवढ्यात कठड्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. "राजकन्ये, हा शाप आहे."

"उतारा?"

"तीळ, गूळ आणि गोडवा. तीळ राक्षसाच्या गालावर. गूळ हडळीच्या काहिलीत. गोडवा तुझ्या बापाच्या तोंडात."

"पहिली दोन कामं जमतील," हंसावली म्हणाली.

राक्षस डोंगराला टेकून बसला होता. गालभर तीळ. "ने हवे तेवढे," तो म्हणाला. "हनुवटीवरचा तेवढा राहू दे. आईला आवडतो."

हडळ उसाच्या वनात काहील ढवळत होती. "साधा गूळ संपला गं बाई. चिक्कीचा चालेल?"

"चालेल."

"बेताने खा. दातखीळ बसते."

हंसावलीने हे ऐकलं आणि पदराला गाठ मारून ठेवलं.

आता तिसरं काम. "आबासाहेब, जटाळबुवांशी गोड बोला."

राजाने सराव केला. "बुवा, तुम्ही यंदा माकडासारखे कमी दिसता."

"हे गोड नाही, आबासाहेब."

"माझ्या मानाने आहे."

"माझा नवरा एका दिवसावर अडकलाय. माझ्यासाठी एक शब्द?"

राजाने मान खाली घातली. "बोलाव त्याला. बघतो."

मांत्रिक आला. राजाने घसा साफ केला, तोंड उघडलं आणि सवय आडवी आली. "काय रे बोळक्या..."

पुढचं येण्याआधी हंसावलीने त्या तिळाची आणि चिक्कीच्या गुळाची गरम वडी त्याच्या तोंडात कोंबली. दात दातांना चिकटले. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पाणी मागायला हात जोडले.

मांत्रिक बघतच राहिला. "राजा, माझ्यापुढे हात जोडतोस? रडतोस?"

"म्म."

"आणि शिवी एकच! इतका गोड तू जन्मात वागला नाहीस."

हंसावलीने त्याच्यापुढे कुटून मऊ केलेल्या तिळगुळाची वाटी धरली. बुवाने ती चाटून-पुसून खाल्ली. तिकडे सूर्याने उचललेला पाय मकरेत टाकला.

"संक्रांत आली!" नगर ओरडलं. "आपल्या राज्यावर संक्रांत आली हो!" शेजारच्या राजाने ते ऐकून तातडीने मदतीचे तंबू पाठवले.

गलबत धक्क्याला लागलं. वीरकेतूने विचारलं, "फार वाट पाहिलीस?"

"एकच दिवस," हंसावली म्हणाली.

"जेवायला काय आहे?"

"गुळाची पोळी. आणि भाजीचं नाव काढू नका."

राजाची दातखीळ रथसप्तमीला सुटली. तोवर राज्याचा कारभार फार चांगला चालला. तशी तुमच्याही घरची संक्रांत गोड होवो, आणि कुणाचे दात चिकटलेच, तर सोडवायची घाई नको.