सखाहरीने लावलेलं कलम

एका तालुक्याच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा कारकून होता. पाथ्रूडकर वकिलांकडे कामाला होता. सांगितलेलं काम तो कधीच टाळत नसे. अडचण तेवढीच होती.

एकदा गयाबाईंचा दावा आला. त्यांचा शेतात जायचा रस्ता शेजारच्या केरबाने काट्या टाकून बंद केला होता. वकील म्हणाले, "सखाहरी, केंद्राचा कायदा बघावा लागेल. मुदतीचा. शोधून आण."

सखाहरी आरोग्य केंद्रात गेला.

"काय होतंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"मुदतीचं आहे."

बाईंना वाटलं, मुदतीचा ताप. त्यांनी सुई टोचली. सखाहरी दंड चोळत परत आला.

"अरे, केंद्राचा म्हणजे दिल्लीच्या सरकारचा," वकील म्हणाले. "तो कपाटातल्या पुस्तकात असतो. पण दुरुस्ती झालेलंच पुस्तक आण."

कपाटातल्या पुस्तकाचा पुठ्ठा निघाला होता. सखाहरी ते घेऊन चपला शिवणाऱ्या किसनकडे गेला. किसनने ते असं आरपार शिवलं, की पुन्हा उघडेना.

वकील पुस्तक उसवत बसले. "दुरुस्ती म्हणजे संसदेने केलेला बदल. जुना शब्द खोडायचा, नवा घालायचा."

सखाहरीला हे पटलं. गयाबाईंच्या दाव्यात 'वीस वर्षांहून जुना रस्ता' असं लिहिलं होतं. त्याने 'जुना' खोडून 'नवा' घातलं. सगळा दावा त्या एका शब्दावर उभा होता. वकिलांच्या वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

"यापुढे कागदाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "उद्या कोर्टाचे साहेब रस्ता बघायला येतायत. या रस्त्याला आपल्याला कलम पंचवीस लावायचंय. पोटकलम एक. ध्यानात ठेव."

"लावतो साहेब," सखाहरी म्हणाला. गयाबाईंसाठी त्याचा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. केरबाने घाबरून काट्या केव्हाच उचलल्या होत्या. तरी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याची रोपं. प्रत्येकाला आळं, आळ्यात पाणी, भोवती कुंपण.

केरबा गालात हसत होता. गयाबाई मटकन खाली बसल्या.

"रस्ता कोणी अडवला?" साहेबांनी विचारलं.

सखाहरी हात जोडून पुढे झाला. कागदाला त्याने हात लावला नव्हता.

"गयाबाईंच्या वतीने मीच लावली, साहेब. मोजून पंचवीस कलमं. पोटकलम रोपवाटिकेत मिळालं नाही. म्हणून सगळ्यात मोठ्याच्या पोटाशी एक लहान लावलंय."