राणीनं उलटं धरलेलं फावडं

एका राज्यात राजा होता, पण तो बगळा होता. सिंहासनावर एका पायावर उभा राहायचा. दरबाराला सवय झाली होती, राणी कुमुदाला नाही.

झालं असं, की राजानं आंबा खाल्ला आणि कोय तळ्यात भिरकावली. तळाशी एक मांत्रिक तप करत होता. नगराचा सगळा कचरा त्यानं मुकाट सोसला होता, पण कोय नेमकी टाळक्यात बसली. तो वर आला आणि म्हणाला, "नगर राजीखुशीनं तळं साफ करेल, तेव्हा माणूस होशील. तोवर रोज एक शब्द विसरशील." आणि परत बुडाला.

राजा आधी 'करवसुली' विसरला. कुणाची तक्रार नव्हती. मग 'मीठ' गेलं, 'चांदणं' गेलं. शब्द गेला, की एक पांढरं पीस गळायचं. राणी ते उशीखाली जपून ठेवायची. एका सकाळी तो म्हणाला, "तुझं नाव अगदी चोचीवर आहे बघ... कु... कु..."

राणी उठली.

आधी तिनं दवंडी पिटली: झाडणार नाही त्याला फटके. लोकांनी आपल्या घाटाचा कचरा शेजारच्या घाटावर ढकलला. कचरा तळ्याला प्रदक्षिणा घालून जागेवर आला.

मग तिनं टोपलीमागे एक बुंदीचा लाडू लावला. लोकांनी घरचा कचरा आणला, तळ्यात बुचकळला आणि ओला करून मोजून दिला. लाडू संपले.

आता राणीकडे काहीच उरलं नव्हतं. तिनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि एकटीच चिखलात उतरली. फावडं उलटं धरलं होतं.

घाटावर गर्दी जमली. सगळे त्या उलट्या फावड्याकडे बघत राहिले. शेवटी म्हाताऱ्या सटवाआजीला राहवेना.

"बाईसाहेब, असं नसतं धरत."

"आधी शेवाळ ओढा, महाराणी!"

"हातानं ओढतात होय? दाताळं लागतं!"

"तू गप रे. सरका बाईसाहेब, मी दाखवतो."

कासार उतरला. त्याचं चुकतंय हे बघवेना म्हणून कोष्टी उतरला. कोष्ट्याचं चुकतंय म्हणून अख्खी आळी उतरली. राणीला कुणी फावड्याला हात लावू देईना.

राणी मुकाट पलीकडच्या घाटावर गेली. तिथं दुसरं फावडं घेतलं आणि तेही उलटं धरलं.

सांजेला पाण्यात आभाळ उतरलं. मांत्रिक वर आला, चहूकडे बघून म्हणाला, "तो कोपरा राहिलाय."

"मग उतरा की!" सटवाआजी म्हणाली.

तोही उतरला.

तेव्हा उशीखालची पिसं महालातून उडत आली आणि घाटावर उभ्या बगळ्याच्या चोचीवर एकेक करून विरघळली. त्यानं दुसरा पाय जमिनीवर टेकला.

"कुमुदा," राजा म्हणाला. "जेवणात मीठ नव्हतं गं इतके दिवस."

पुढच्या उन्हाळ्यात राजानं घाटावर आंबा खाल्ला आणि कोय घेऊन हात उगारला. अख्खा घाट खोकला. राजानं कोय शेल्यात खोचली आणि तो घरी गेला.

राज्य सुखी झालं. शेला तेवढा अजून चिकट आहे.